कॉलेजात गाजला, ड्राफ्टमध्ये गळला: कमी उंचीच्या पॉइंट गार्डबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधला पावणेसहा फुटी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वर नेऊन चाल रचणारा खेळाडू, आणि पुढे व्यावसायिक खेळात त्याचं काय होतं. ‘जिद्द असली की उंची आड येत नाही’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण उंची आड येते. ती नेमकी कुठे आड येते आणि तिथे काय करता येतं, हे सांगणं आम्हाला जास्त गरजेचं वाटतं.

प्रश्न: मार्च २०२३ मध्ये कॅन्सस स्टेटच्या मार्क्विस नोवेलने मिशिगन स्टेटविरुद्ध १९ असिस्ट (ज्यावर साथीदार लगेच बास्केट करतो असे पास) दिले. एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेज क्रीडा संघटनेच्या, स्पर्धेतला तो विक्रम ठरला. तीन महिन्यांनी एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, मात्र त्याचं नाव कुणीच पुकारलं नाही. एवढं करून दाखवल्यावर आणखी काय हवं असतं?
— महाविद्यालयीन खेळाडू, पुणे

उत्तर: नोवेल जेमतेम ५ फूट ८ इंचांचा. त्याच्या पासिंगबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण या उंचीच्या गार्डचा निकाल आक्रमणावर लागत नाही, बचावावर लागतो.

समजा, तो समोरच्या संघातल्या सगळ्यात साध्या खेळाडूला अडवतोय. प्रतिस्पर्धी कोच त्याच साध्या खेळाडूला आपल्या मुख्य स्कोररसाठी स्क्रीन लावायला, म्हणजे त्याच्या बचावपटूची वाट अंगाने अडवायला, पाठवतो. दोन्ही बचावपटूंनी आपापली माणसं बदलली, म्हणजे स्विच केलं, की ६ फूट ८ इंचांचा फॉरवर्ड चेंडू घेऊन आपल्या छोट्या गार्डसमोर येतो. तो सरळ डोक्यावरून शॉट मारतो. मदतीला दुसरा कुणी धावला तर कोपऱ्यातला शूटर मोकळा राहतो. साखळी सामन्यांत हे अधूनमधून होतं. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, मात्र हाच डाव ठरवून, लागोपाठ खेळला जातो.

कॉलेजात ही उणीव झाकली जाते, आणि त्याला नियमही कारणीभूत आहेत. एनबीएत बचावपटू कुणालाही जवळून अडवत नसेल तर रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. कॉलेजात हा नियम नाही. तिथे उंच सेंटर पूर्ण वेळ रिंगखाली ठाण मांडतो आणि पुढच्या छोट्या गार्डच्या चुका पोटात घालतो. शिवाय झोन डिफेन्स, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा बचाव, सर्रास चालतो आणि पाचही जण दुरून शॉट मारणारे आहेत असे संघ कमी असतात. एनबीएत मागचं हे छत्र निघून जातं.

स्विच टाळायचे उपाय आहेत, आणि स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, चित्रफितीत तेच शोधतात. पहिला उपाय म्हणजे स्क्रीन लागताक्षणी छोट्या गार्डने चेंडूवाल्यासमोर दोन पावलं झेपावून त्याला अर्ध्या रेषेकडे वळवायचं आणि लगेच आपल्या माणसाकडे परतायचं. इथे चूक ठरलेली असते: तो उशिरा झेपावतो आणि चेंडूवाला मधून निसटतो. दुसरा उपाय म्हणजे स्विच झालाच तर पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, उंच माणसाच्या मागे न राहता पुढे उभं राहून पासची वाट अडवायची आणि पास हवेत असतानाच उंच साथीदाराने येऊन त्याची सुटका करायची. हे पाचही जणांना तोंडपाठ हवं. म्हणून असा गार्ड घेताना संघ त्याच्याबरोबर उरलेल्या चौघांचाही विचार करतो.

आयझेया थॉमसचं उदाहरण याच मुद्द्याचं आहे. उंची ५ फूट ९ इंच, २०११ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, म्हणजे ६० वा खेळाडू. २०१६-१७ च्या हंगामात बोस्टनसाठी त्याने सामन्यामागे २८.९ गुण केले. मग कंबरेचा सांधा दुखावला, पहिल्या पावलाचा वेग थोडा कमी झाला, आणि बचावातली तूट भरून काढायला काही उरलं नाही. उंच खेळाडूला वेग थोडा गमावूनही चालतं. छोट्याला ती मुभा नसते.

प्रश्न: माझ्याकडे १७ वर्षांचा पॉइंट गार्ड आहे, उंची ५ फूट ८ इंच. त्याची प्रगती पाहताना गुणांखेरीज काय मोजावं?
— प्रशिक्षक, नाशिक

उत्तर: आधी असिस्ट आणि टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) यांचं प्रमाण. एका टर्नओव्हरमागे दोन असिस्ट म्हणजे बरा, तीन म्हणजे चांगला. ५ फूट ३ इंचांचा मग्सी बोग्स एनबीएत १४ हंगाम टिकला, त्याच्या कारकिर्दीचं हे प्रमाण साडेचारच्या वर होतं. पण नुसता आकडा पुरत नाही. टर्नओव्हरचे दोन रकाने करा: चेंडू बाहेर गेला तो एक, आणि समोरच्याने चेंडू पळवून सरळ बास्केट केली तो दुसरा. दुसरा रकाना मोठा असेल तर बहुतेक वेळा तो दोघांच्या सापळ्यात सापडून डोक्यावरून पास टाकू पाहतोय. उंच हातांना लागून असा पास हमखास उडतो. त्याला उसळता पास आणि सापळा बसायच्या आत, एक ड्रिबल आधीच, चेंडू सोडायची सवय लावा.

मग थ्री पॉइंटर, म्हणजे रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट. कॉलेजची रेषा २०१९-२० पासून फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या रेषेइतकीच, ६.७५ मीटरवर आहे. एनबीएची समोर ७.२४ मीटर आणि कोपऱ्यात ६.७० मीटर. छोट्या गार्डच्या शॉटवर हात वरून येतो, त्यामुळे त्याला इतरांपेक्षा अर्धा मीटर जादा मोकळीक लागते आणि ती मागे सरकूनच मिळते. म्हणून साडेसात ते आठ मीटरवरूनही त्याची लय बिघडता कामा नये. पास घेऊन लगेच मारलेले आणि ड्रिबलवरून मारलेले शॉट वेगळे लिहा. छोट्या गार्डला दुसरे जास्त मारावे लागतात, पण नोकरी पहिल्यावर मिळते, कारण व्यावसायिक संघात चेंडू बराच वेळ दुसऱ्याच्या हातात असतो. फ्री थ्रो ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर हंगामाच्या सुरुवातीलाच तिथे वेळ घाला.

बचावात आणखी एक गोष्ट टिपा, जी फारसं कुणी टिपत नाही: समोरचा संघ अर्धी रेषा ओलांडून आपली चाल सुरू करतो तेव्हा शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायच्या मुदतीच्या घड्याळावर) किती सेकंद उरलेले असतात? २४ पैकी २० उरले असतील तर तुमच्या गार्डने काही त्रास दिला नाही. १५-१६ उरले असतील तर त्याने चार-पाच सेकंद खाल्ले, आणि तेवढ्यात समोरच्यांचा एक पर्याय कमी झाला. पूर्ण कोर्टवर असा पिच्छा पुरवणं हीच छोट्या गार्डची कमाई. जॉर्जिया टेकचा होसे अल्वाराडो, ६ फुटी, ड्राफ्टमध्ये न निवडलेला. न्यू ऑर्लिन्सने २०२१ मध्ये त्याला घेतलं ते याच कामासाठी. कोपऱ्यात खेळाडूंच्या आड दबा धरायचा आणि निर्धास्तपणे चेंडू वर नेणाऱ्या गार्डच्या मागून येऊन चेंडू काढायचा, हा त्याचा डाव आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लोक फसतात.

दाब देताना मुलं हाताने खेळतात आणि पहिल्या क्वार्टरमध्येच दोन फाउल करून बसतात. छातीसमोर माणूस ठेवून पायांनी अडवायला लावा. सरावात काही दिवस त्याला हात पाठीमागे बांधून बचाव करायला सांगितलंत तरी चालेल.

एक मोजमाप उंचीइतकंच महत्त्वाचं: पसरलेल्या हातांची लांबी. ५ फूट ९ इंच उंची आणि ६ फूट २ इंच हात असलेल्या मुलाकडे स्काउट वेगळ्या नजरेने पाहतात.

प्रश्न: कॉलेजच्या यादीतली उंची खरी असते का? बूट घालून मोजतात असं ऐकलं.
— वाचक, सोलापूर

उत्तर: कॉलेजच्या माहितीपत्रकात इंच-दीड इंच वाढवलेला असणं नेहमीचंच. एनबीएने मात्र २०१९-२० पासून संघांना अनवाणी उंची कळवणं बंधनकारक केलं. त्याआधी शिकागोच्या ड्राफ्ट कम्बाइनमध्येही, म्हणजे ड्राफ्टपूर्व चाचणी शिबिरात, बुटाशिवाय मोजमाप होतच असे. तिथे उंचीबरोबर हातांची लांबी, उभ्याने हात कुठवर पोचतो ते, जागेवरची आणि धावत येऊनची उडी, पाऊण कोर्टची धाव आणि दिशा बदलण्याची चपळाई मोजतात. फुगवलेली उंची तिथे पाच मिनिटांत उघडी पडते, म्हणून एजंटला पहिल्याच दिवशी खरा आकडा सांगावा.

प्रश्न: आमचा गार्ड बचावपटूला सहज मागे टाकतो, पण रिंगजवळ गेला की उंच मुलं त्याचा प्रत्येक लेअप (धावत जाऊन रिंगजवळून टाकलेला शॉट) उडवतात. लेअपशिवाय काय शिकवावं?
— क्रीडाशिक्षक, नागपूर

उत्तर: फ्लोटर, म्हणजे उंच बचावपटूच्या हातावरून अलगद उंच टाकलेला शॉट. आणि तो शिकवताना घाई करू नका, कारण अर्धवट शिकलेला फ्लोटर म्हणजे वाया गेलेला चेंडू.

उंच बचावपटू साधारण रिंगपुढे दीड-दोन मीटरवर थांबतो. फ्लोटर त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी, रिंगपासून अडीच ते चार मीटरवरून सुटला पाहिजे. उडी वरच्या दिशेने हवी. मुलं वेगात पुढे झेपावतात, मग चेंडू लांब जाऊन मागच्या कडेला आपटतो आणि वर समोरच्याला धडकल्याचा फाउलही लागतो. म्हणून शेवटचं पाऊल लांब टाकून टाच रोवायची, वेग तिथे मोडायचा आणि मग वर. चेंडू उडीच्या माथ्यावर नव्हे, तर वर जाताजाताच सोडायचा. उंच माणसाच्या उडीची वेळ तिथेच चुकते. तळवा चेंडूखाली, मनगट मऊ, फिरकी जवळजवळ नाही. फळ्याची वरची कड जमिनीपासून ३.९५ मीटरवर असते. चेंडूचा माथा तिथवर गेला की उंची पुरेशी आहे असं समजा.

सरावासाठी लांब दांडा जोडलेला झाडू घ्या आणि त्याचं टोक ३.२ मीटरच्या आसपास धरा. आधी झाडूशिवाय: पट्ट्यातल्या पाच जागांवरून दहा-दहा, पन्नासातले तीस पडेपर्यंत. मग झाडूसह. खेळाडूची नजर झाडूकडे जाते की रिंगकडे, हे तुम्ही बाजूला उभं राहून पाहा. नजर झाडूकडे गेली की तो चेंडू हमखास आखूड पडतो.

दुसरं हत्यार म्हणजे ठेका मोडणं. उजवीकडून आत जाताना आपण डावा पाय टाकून उजव्या हाताने लेअप मारतो, आणि उंच बचावपटू त्याच ठेक्यावर उडी मारतो. उजव्या पायावरून उजव्याच हाताने, एक पाऊल आधी चेंडू सोडला तर तो अजून जमिनीवरच असतो. पहिले काही आठवडे हे फार विचित्र वाटतं. रोज दोन्ही बाजूंनी पंचवीस-पंचवीस करून घ्या. तिसरं, रिंगच्या पलीकडे जाऊन उलटा लेअप, म्हणजे रिंग आणि जाळी आपल्या आणि बचावपटूच्या हाताच्या मध्ये येते.

पण खरी कमाई थांबण्यात आहे. स्क्रीनवरून सुटल्यावर छोटा गार्ड सुसाट आत शिरतो, आणि तीच चूक. त्याने वेग कमी करून आपल्या बचावपटूला पाठीवर घ्यावं, त्याला पुढे येऊ देऊ नये. आता समोरच्या उंच माणसाला एकट्याने दोघांना सांभाळावं लागतं: चेंडूवाल्याला आणि स्क्रीन लावून रिंगकडे निघालेल्या आपल्या साथीदाराला. तो पुढे आला की त्याच्या पायाजवळून उसळता पास, मागे सरकला की फ्लोटर. क्रिस पॉल, उंची ६ फूट, कित्येक वर्षं याच एका जागेवरून सामने चालवत असे. जेलन ब्रन्सनही पाहा: ६ फूट २ इंच, व्हिलानोव्हाकडून दोन एनसीएए विजेतेपदं, तरी २०१८ मध्ये ३३ वा. तो रिंगजवळ दोन्ही पायांवर थांबतो, पायाच्या टोकावर वळतो, समोरच्याला आधी उडी मारू देतो आणि मग शॉट घेतो. हे पाहण्यासाठी त्याच्या चित्रफिती अर्ध्या वेगाने लावा आणि चेंडूऐवजी पाय बघा.

प्रश्न: ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही की पुढे नेमकं काय होतं? टू-वे करार म्हणजे काय?
— वाचक, ठाणे

उत्तर: ड्राफ्ट जूनअखेरीस, दोन फेऱ्यांचा. दुसरी फेरी संपता संपताच न निवडलेल्या खेळाडूंच्या एजंटांचे फोन सुरू होतात. एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण खरी आहे: ५५ वा निवडला जाण्यापेक्षा न निवडलं जाणं छोट्या गार्डसाठी कित्येकदा चांगलं. निवडलं की हक्क त्या एका संघाकडे जातात, मग तिथे चार गार्ड आधीच का असेनात. न निवडलेला मात्र जिथे जागा आहे तिथे जाऊ शकतो. फ्रेड व्हॅनव्लीट, ६ फुटी, विचिटा स्टेटचा. २०१६ मध्ये कुणी निवडला नाही. तो टोरांटोच्या समर लीग संघात गेला, त्यांच्या रॅप्टर्स ९०५ या दुय्यम संघात खेळला आणि २०१९ मध्ये अंतिम मालिका जिंकणाऱ्या संघाचा महत्त्वाचा राखीव गार्ड होता.

जुलैमध्ये समर लीग, मुख्यतः लास वेगासला. तिथून काहींना ‘एक्झिबिट १०’ मिळतो. हा हमी नसलेला एक वर्षाचा किमान वेतनाचा करार. ऑक्टोबरच्या सराव शिबिरात खेळाडूला पाहतात, बहुतेकांना सोडतात, आणि सोडलेला खेळाडू त्याच संघाच्या जी लीग (एनबीएची दुय्यम लीग) संघात ६० दिवस टिकला तर ठरलेला बोनस मिळतो. जी लीगचा स्वतःचा पगार हंगामाला चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलरच्या घरात, त्यामुळे हा बोनस मोठा आधार असतो.

शिबिरात छाप पडली तर तोच करार टू-वेमध्ये बदलता येतो. ही पद्धत २०१७-१८ पासून आहे. २०२३-२४ पासून प्रत्येक संघाला अशा तीन जागा आहेत. खेळाडू मुख्य संघाच्या जास्तीत जास्त ५० सामन्यांत उपलब्ध राहू शकतो, उरलेला काळ जी लीगमध्ये. पगार नवोदिताच्या किमान वेतनाच्या निम्मा. २०२४-२५ मध्ये ही रक्कम साधारण ५ लाख ७८ हजार डॉलर होती. मात्र प्लेऑफ खेळायचं तर करार साध्या करारात बदलावा लागतो. जपानच्या युकी कावामुराने हीच वाट धरली. जेमतेम ५ फूट ८ इंचांच्या या गार्डने टोकाई विद्यापीठ मध्येच सोडून योकोहामाच्या क्लबकडून खेळायला सुरुवात केली, २०२२-२३ मध्ये जपानी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मेम्फिसने त्याचा एक्झिबिट १० टू-वेमध्ये बदलला. त्याआधी मेम्फिसनेच रिचमंडच्या जेकब गिलयार्डला टू-वे दिला होता. कॉलेजात ४६६ स्टील (समोरच्याकडून पळवलेले चेंडू), हा एनसीएए पहिल्या श्रेणीतला विक्रम त्याच्या नावावर आहे. नोवेललाही टोरांटोने टू-वे दिला.

संघ निवडताना लाडका संघ बाजूला ठेवा. कागद घेऊन त्या संघाचे हमीच्या करारावरचे गार्ड मोजा. तिसरा गार्ड कोण आहे, त्याला दुखापतींचा इतिहास आहे का, त्यांचा जी लीग संघ मुख्य संघासारखाच खेळ करतो का, हे तपासा. ५ जानेवारीपासून दहा दिवसांचे करार सुरू होतात. डिसेंबरमध्ये कंटाळून युरोपला निघून गेलेल्या कितीतरी गार्डांची संधी त्या एका महिन्याने हुकते.

प्रश्न: सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईचे म्हणून आम्ही तो संघ पाहतो. आयझेया थॉमस तिथलाच ना? मग सोडला कसा?
— वाचक, डोंबिवली

उत्तर: हो, किंग्जनेच त्याला ६० वा निवडला होता. रणदिवे यांच्या गटाने संघ २०१३ मध्ये घेतला. २०१३-१४ मध्ये थॉमसने सामन्यामागे २०.३ गुण आणि ६.३ असिस्ट दिले. २०१४ च्या उन्हाळ्यात करार संपल्यावर तो फिनिक्सला गेला, चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी ७० लाख डॉलरवर. किंग्जने ६ फुटी डॅरेन कॉलिसनला आणलं. आमच्या मते ही एका मालकाची चूक म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. वीस गुण आणि सहा असिस्ट देणाऱ्या साडेसहा फुटी गार्डला त्या उन्हाळ्यात कितीतरी जास्त मिळाले असते. छोट्या गार्डचा भाव सिद्ध होऊनही कमीच लागतो, आणि करार करताना त्याच्या एजंटला हे धरूनच चालावं लागतं.

प्रश्न: आमचा मुलगा इथल्या डिव्हिजन थ्री (एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीतल्या) कॉलेजात सुरुवातीच्या पाचांत खेळतो, उंची ५ फूट ९ इंच. डिव्हिजन वनमधल्या एका मोठ्या कॉलेजात जागा मिळू शकेल, पण बहुधा बाकावर. त्याने बदल करावा का?
— पालक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: बाकासाठी नाही. या वाटेने पुढे गेलेल्या छोट्या गार्डांची कॉलेजं पाहा: अर्ल बॉयकिन्स (५ फूट ५ इंच) ईस्टर्न मिशिगनचा; होसे हुआन बरेआ नॉर्थईस्टर्नचा; गिलयार्ड रिचमंडचा, तेही पाच हंगाम. नोवेलने आधी लिटल रॉकला तीन हंगाम काढले, मग कॅन्सस स्टेट. सगळे मधल्या फळीतल्या कॉलेजांतून वर आले आणि तिथे भरपूर मिनिटं खेळले. छोट्या गार्डबद्दलची शंका मिटवायला शेकडो चेंडूंचा पुरावा लागतो, आणि तो खेळल्याशिवाय जमा होत नाही.

मुलाला वर जायचंच असेल तर डिव्हिजन टू किंवा डिव्हिजन वनमधली छोटी कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) बघा. कोचला तीन प्रश्न विचारा: पुढच्या वर्षी किती गार्ड परत येताहेत, तुम्ही किती स्विच करता, आणि माझा मुलगा कुणाला अडवेल? तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर नाव काढून घ्या. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण सध्याच्या कॉलेजात अभ्यासावर सवलत मिळत असेल तर ती जाऊन काय पदरात पडतंय त्याचाही हिशेब मांडा. शेवटच्या वर्षात मात्र व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथ स्पर्धेवर लक्ष ठेवा: शेवटच्या वर्षाच्या ६४ निवडक खेळाडूंना तिथे बोलावतात आणि युरोपातले क्लब मुद्दाम येतात.

प्रश्न: मी १६ वर्षांची, उंची ५ फूट ५ इंच. मुलींसाठीही हीच वाट आहे का?
— सांगली

उत्तर: खेळ तोच, नोकऱ्या फार कमी. डब्ल्यूएनबीएत, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, एका संघात साधारण बारा खेळाडू, आणि संघही एनबीएपेक्षा बरेच कमी. तुझ्याच उंचीची क्रिस्टल डेंजरफिल्ड, कनेक्टिकट विद्यापीठाची, २०२० मध्ये दुसऱ्या फेरीत १६ वी निवडली गेली आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरली. २०२२ च्या हंगामाच्या तोंडावर तिच्या संघाने तिला सोडलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कने घेतलं. म्हणजे एक चांगलं वर्ष जागा पक्की करत नाही. तू आत्ता दोन गोष्टी धर: डाव्या हाताने डोकं वर ठेवून पूर्ण कोर्ट ड्रिबल, आणि थ्री पॉइंटर चेंडू हातात आल्यावर एका सेकंदाच्या आत सुटणं.

प्रश्न: इथल्या खालच्या श्रेणीच्या क्लबांत दर वर्षी छोट्या चणीचे अमेरिकन गार्ड येतात. एनबीएत जागा नाही, मग इथे कशी? आणि करारात त्यांनी काय बघावं?
— वाचक, म्युनिक

उत्तर: फिबाच्या नियमांत बचावातल्या तीन सेकंदांचं बंधन नाही, त्यामुळे उंच माणूस मागे थांबू शकतो आणि छोट्या गार्डची शिकार तितकी सोपी राहत नाही. कोर्टही थोडं लहान, २८ बाय १५ मीटर. शेन लार्किन, सहा फुटांना थोडा कमी, बोस्टन सोडून इस्तंबूलच्या अनाडोलू एफेसमध्ये गेला आणि २०२१ व २०२२ ची युरोलीग जिंकला. मात्र परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित असतात, म्हणून परदेशी गार्डकडून क्लबला गुणही हवे असतात आणि चालही. ‘मी फक्त पास देतो’ म्हणणाऱ्याला ते पहिल्या महिन्यातच परत पाठवतात.

करारात रक्कम कर कापून आहे की कराआधीची, हप्ते किती आणि कोणत्या तारखेला, हे आधी पाहावं. मग घर एकट्याचं की दोघांत, गाडी, येण्याजाण्याची तिकिटं, आरोग्य विमा. वैद्यकीय तपासणी पोचल्यावर किती तासांत होणार, हे लिहून घ्यावं. ते मोघम असलं की क्लब दोन आठवडे सराव करून घेतो आणि मग गुडघ्याचं निमित्त काढतो. पगार थकणं हा खालच्या श्रेणीतला नेहमीचा आजार. त्यावर उपाय म्हणजे वाद जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाकडे जाईल असं कलम. हे कलम नसेल तर स्थानिक न्यायालयात स्थानिक भाषेत भांडावं लागतं, आणि कुणीच भांडत नाही. एजंट फिबाचा परवानाधारक हवा. त्याची फी युरोपात बरेचदा क्लब देतो, बहुतेक १० टक्के, पण ते वेगळ्या कागदावर लिहिलेलं असावं. क्लब बदलताना जुन्या महासंघाचं ना-हरकत पत्र लागतं, म्हणून जुना करार लेखी मोडल्याशिवाय विमानात बसू नये.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे, ५ फूट ७ इंच, राज्य पातळीवर खेळतो. त्याला अमेरिकन कॉलेजात खेळायचं आहे. आत्तापासून काय तयारी करावी?
— पालक, कोल्हापूर

उत्तर: बास्केटबॉलच्या आधी गुणपत्रिका. एनसीएए पहिल्या श्रेणीसाठी नववी ते बारावीत १६ मुख्य विषय-वर्षं लागतात: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं २, आणि बाकीची ठरावीक विषयांतून. त्यातल्या ग्रेडच्या सरासरीची किमान अट चारपैकी २.३. आपल्याकडची मुलं इथे गणितात अडकतात: खेळायला वेळ मिळावा म्हणून अकरावीला गणित सोडतात, आणि नववी-दहावीची दोनच वर्षं हातात राहतात. त्यामुळे अकरावीचा प्रवेश घेताना गणित ठेवा. नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाची मूळ गुणपत्रिका आणि बोर्डाची प्रमाणपत्रं जपा. एनसीएएचं पात्रता केंद्र सगळी मागतं. बारावीनंतर ‘एक-दोन वर्षं सराव करू’ म्हणून थांबू नका, तसं थांबल्याने खेळायचे हंगाम कमी होऊ शकतात. कुठल्याही व्यावसायिक लीगचा किंवा एजंटचा कागद सही करण्याआधी दाखवून घ्या. विद्यार्थी व्हिसावर बाहेर काम करून कमावण्यावर मर्यादा आहेत, तेव्हा अमेरिकन मुलांना मिळणाऱ्या जाहिरातींच्या पैशांवर घरचं गणित बसवू नका.

आतापर्यंत ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतीय म्हणजे २०१५ मध्ये ५२ वा आलेला सतनामसिंग भामरा, आणि तो सात फुटांच्या वरचा होता. ५ फूट ७ इंचांच्या मुलासाठी दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज किंवा एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी क्रीडा संघटना) हे जास्त जवळचे दरवाजे आहेत. तिथून पुढे बदली करता येते.

पत्र मुख्य कोचला नव्हे, सहायक कोचला लिहा. भरतीचं काम तेच पाहतात. पहिल्या दोन ओळींत अनवाणी उंची, हातांची लांबी, बारावी कधी होणार आणि गुण. सोबत तीन-चार मिनिटांची चित्रफीत, तिच्यात निम्मे प्रसंग बचावाचे. आणि दोन सामने पूर्ण, न कापलेले, कडव्या संघांविरुद्धचे, उंचावरून घेतलेले, म्हणजे पाचही खेळाडू चौकटीत दिसतील. त्यात त्याच्या चुका असतील त्या तशाच राहू द्या. चेंडू गमावल्यावर पुढच्या तीन सेकंदांत तो काय करतो, ते कोच तिथेच पाहतो.